ब्रीफ सहा पानांचा, तरी रेशो सापडत नाही

मॅडम, मी निफाडहून रोज एसटीने नाशिकला कॉलेजला येते. बीए एलएलबी, दुसरं वर्ष. बारावीपर्यंत मराठी माध्यम. यंदा करार कायदा आणि संविधान या दोन्ही विषयांना सरांनी केस ब्रीफ, म्हणजे निकालाचे ठरावीक रकान्यांतले सारांश, लिहून आणायला सांगितले आहेत. ओल्गा टेलिसचा निकाल वाचता वाचता डोकं उठलं. शेवटी सहा पानी ब्रीफ लिहिला आणि ‘फुटपाथवरचे लोक जिंकले’ असा निकाल लिहिला. सरांनी वर लाल पेनने शेरा मारला, ‘निकाल चुकीचा. रेशो कुठे आहे?’ मैत्रिणी गाइडमधून उतरवतात आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त मार्क पडतात. आता परीक्षेआधी सगळ्या केसेसची आउटलाइन करा म्हणतात, ती म्हणजे नेमकं काय करायचं? आणि मराठीत विचार करणाऱ्या मुलीला हे जमण्यासारखं आहे का, खरं सांगा.
– एक विद्यार्थिनी, निफाड

तुझ्या सरांचा शेरा बरोबर आहे. फक्त तो इतका त्रोटक आहे की त्यातून काय सुधारायचं हे कळत नाही, म्हणून आधी तोच उलगडते. रेशो म्हणजे न्यायालयाने ज्या कायदेशीर तत्त्वाच्या जोरावर निर्णय दिला ते तत्त्व.

ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका हा निकाल १० जुलै १९८५ चा. पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ, निकाल लिहिला सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईतल्या फुटपाथवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांना हटवून आपापल्या गावी पाठवायचं राज्य सरकारने जाहीर केलं. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी न्यायालयात गेले. न्यायालय म्हणालं की संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. गाइडमध्ये हे वाक्य ठळक टायपात असतं, आणि तू तिथेच थांबलीस.

पुढे काय झालं ते बघ. मुंबई महानगरपालिका कायद्याचं कलम ३१४ घटनाबाह्य ठरवा, अशी मागणी होती. ती फेटाळली गेली. फुटपाथ चालण्यासाठी आहेत, तिथे घर बांधून राहण्याचा हक्क कुणाला नाही, अतिक्रमण हटवायचा पालिकेला अधिकार आहे, असं न्यायालयाने सांगितलं. नोटीस न देता हटवता येईल असं ते कलम म्हणतं, त्याचा अर्थ मात्र न्यायालयाने आवळून लावला: नोटीस न देण्याची ती फक्त मुभा आहे, सक्ती नाही, आणि एरवी नोटीस देऊन बाजू ऐकून घेतलीच पाहिजे. मग या लोकांना पुन्हा सुनावणी मिळाली का? नाही. त्यांची बाजू सर्वोच्च न्यायालयातच सविस्तर ऐकून झाली होती. हाती पडलं ते एवढंच की ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा सरल्यावर आणखी महिनाभर, हटवायचं नाही आणि १९७६ च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यायची.

तेव्हा ‘जिंकले’ हे मागणीच्या हिशेबाने चूक. पण त्या निकालातलं तत्त्व पुढच्या कितीतरी खटल्यांत कामी आलं, हेही खरं. आदेश आणि तत्त्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ब्रीफमध्ये त्यांना वेगळ्या ओळी लागतात. आदेशाच्या ओळीत तू लिहायचं होतंस की कलम ३१४ वैध, हटवायला परवानगी, अमुक मुदत, अमुक अटी. रेशोच्या ओळीत यायचं होतं ते असं: उपजीविका हिरावली जाईल अशी कारवाई करायची तर ती कायद्याने घालून दिलेल्या आणि न्याय्य, वाजवी अशा पद्धतीनेच करावी लागेल. सर हेच शोधत होते.

आता सहा पानांचं. ती कशाने भरली असतील ते मला न बघता सांगता येईल. निकाल पहिल्या पानापासून वाचायला घेतलास. सुरुवातीला घटना आल्या, सगळ्याच महत्त्वाच्या वाटल्या, उतरवत गेलीस. चार पानं तिथेच गेली, आणि कारणांपर्यंत येईतो हात दुखायला लागला. पण कोर्टासमोर प्रश्न कोणता होता हेच ठाऊक नसताना कोणती घटना कामाची हे ठरवणार कसं? म्हणून माझा सल्ला थोडा उलटा आहे. ब्रीफमध्ये फॅक्ट्स वर असतात, पण लिहायच्या त्या सगळ्यात शेवटी.

पेन्सिल घेऊन बस. पेन नको, खोडावं लागणार आहे. आधी निकालाची शेवटची दोन पानं वाच, म्हणजे आदेश कळेल: अपील मंजूर की नामंजूर, कुणाला काय मिळालं. मग पहिल्या पानांवर येऊन एवढंच शोध की न्यायालयात आलं कोण आणि मागत काय होतं. मागणी आणि आदेश ही दोन टोकं हातात आली की मधली चाळीस पानं घाबरवत नाहीत. मागणी मान्य किंवा अमान्य करण्यासाठी न्यायाधीशांना कोणत्या प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागलं? तो इश्यू. ते उत्तर त्यांनी कशाच्या जोरावर दिलं? तिथे रेशो. हे झाल्यावर मग फॅक्ट्स.

ही माझी युक्ती नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २०, नियम ४ मध्ये दिवाणी निकालात काय असावं ते लिहिलेलं आहे: खटल्याची थोडक्यात हकिकत, निर्णयासाठीचे मुद्दे, त्यांवरचा निर्णय आणि त्या निर्णयाची कारणं. तुझ्या ब्रीफचे रकाने हेच आहेत. फौजदारी बाजूलाही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९३ मध्ये निकालाचा असाच साचा आहे. प्राध्यापक मुलांना छळायला रकाने काढतात असं वाटत असेल तर ते मनातून काढून टाक.

कुठली घटना ठेवायची आणि कुठली गाळायची, याची एक परीक्षा सांगते. ती घटना बदलून बघायची. उत्तर बदललं तर ठेवायची, नाही तर गाळायची. करार कायद्यातली मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष तुला असणारच. प्रिव्ही कौन्सिल (ब्रिटिश काळातलं शेवटचं अपील न्यायालय), १९०३. धर्मोदास अज्ञान, म्हणजे कायद्याने वयात न आलेला, असताना त्याने ब्रह्मो दत्त या सावकाराला वीस हजारांचं गहाणखत करून दिलं. व्यवहार पाहणाऱ्या सावकाराच्या वकिलाला, मुलगा अज्ञान आहे असं मुलाच्या आईकडून पत्राने कळवलं गेलं होतं. नंतर मुलाच्या बाजूने गहाणखत रद्द करण्यासाठी दावा झाला. सावकार मध्येच वारला आणि अपील त्याच्या पश्चात मोहोरी बीबीच्या नावाने चाललं. शीर्षकात बाईचं नाव का, हा प्रश्न दरवर्षी कुणाला तरी पडतो, आणि काही जण तर कर्ज तिनेच दिलं असं लिहून मोकळे होतात. शीर्षकात आधी नाव असतं ते अपील करणाऱ्याचं, भांडण सुरू करणाऱ्याचं नव्हे. म्हणून कोण कुठल्या कोर्टात हरलं आणि वर कोण आलं, याची एक ओळ ब्रीफमध्ये हवीच.

आता घटना बदलून बघ. कर्ज वीस हजारांऐवजी दोन हजारांचं असतं तर? उत्तर तेच. कलम ११ प्रमाणे अज्ञान व्यक्ती करार करायला सक्षमच नाही, तेव्हा करार मुळातच व्हॉइड, म्हणजे कायद्याच्या लेखी झालेलाच नाही. म्हणजे रकमेचा आकडा तुझ्या ब्रीफमध्ये नसला तरी बिघडत नाही. मुलगा सज्ञान असता तर? सगळंच फिरलं असतं. वय ठेवायचं. आणि वकिलाला ते पत्र मिळालंच नसतं तर? इथे गंमत आहे. कलम ११ चं उत्तर तेच राहिलं असतं. पण सावकाराचं एक म्हणणं असंही होतं की मुलाने आपण सज्ञान असल्याचं सांगितलं, आता त्याला उलटता येणार नाही. हा एस्टॉपेलचा मुद्दा प्रिव्ही कौन्सिलने खोडला तो सावकाराच्या बाजूला खरं वय ठाऊक होतं म्हणून. पत्र नसतं तर तो वाद इतक्या सहज मिटला नसता. म्हणजे एकच घटना एका इश्यूला निरुपयोगी आणि दुसऱ्याला जीवनावश्यक. गाइडमध्ये हे पत्र बहुधा अर्ध्या ओळीत उरकलेलं असतं किंवा नसतंच, म्हणून गाइड वाचून एस्टॉपेलचा भाग कधी नीट कळत नाही.

इश्यू लिहिताना नेमकेपणा हवा. ‘करार वैध आहे का?’ हा इश्यू नव्हे, तो कुठल्याही केसला चिकटतो. ‘अज्ञान व्यक्तीने करून दिलेलं गहाणखत कलम ११ खाली व्हॉइड की नुसतं व्हॉइडेबल?’ (व्हॉइडेबल म्हणजे एका पक्षाने ठरवलं तरच रद्द होणारं) हा इश्यू. त्याखाली दुसरा: ‘व्हॉइड असेल तर सावकाराला कलम ६४ किंवा ६५ खाली पैसे परत मागता येतील का?’ (नाही, ती कलमं करार करायला सक्षम असलेल्यांपुरती आहेत, असं उत्तर आलं.) इश्यूमध्ये कलम आणि कळीची घटना दोन्ही आली की निम्मा रेशो आपोआप लिहून होतो.

ब्रीफ एका पानाचा हवा. फार तर पाठपोट. डावीकडे रुंद समास सोड, तो वर्गात भरायला. सरांनी विचारलेला प्रश्न, मैत्रिणीची शंका, पुढच्या निकालाने या निकालाचं काय केलं, हे सगळं तिथे येतं. शेवटची नोंद टाळू नकोस. खडक सिंगचा १९६२ चा निकाल घे. पोलिसांच्या रात्रीच्या घरझडत्या न्यायालयाने रद्द केल्या, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही असं बहुमताने म्हटलं. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी स्वतःच्या आणि न्यायमूर्ती शहा यांच्या वतीने वेगळं मत लिहिलं. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं मान्य केलं आणि खडक सिंगमधला त्याविरुद्धचा भाग मोडीत काढला. सुब्बा रावांचं मत ‘अल्पमत’ म्हणून गाळलेल्या विद्यार्थ्याला २०१७ चा निकाल समजायला दुप्पट कष्ट पडतात. तसंच जुन्या फौजदारी निकालांत भारतीय दंड संहितेची कलमं असतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, म्हणून ३०२ च्या शेजारी कंसात १०३ लिहून ठेव.

हेडनोटबद्दल. रिपोर्टच्या सुरुवातीचा तो सारांश संपादकाने केलेला असतो, तो निकालाचा भाग नाही. वाच जरूर, पण ब्रीफमध्ये तो उतरवला की जाणत्या माणसाला लगेच कळतं. चॅटजीपीटीसारख्याकडून ब्रीफ करून घ्यायचा मोहही होईल. ती यंत्रं नसलेले खटले आणि सायटेशन इतक्या आत्मविश्वासाने देतात की खरे वाटावेत. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर संकेतस्थळावर निकाल फुकट मिळतात, मूळ तिथे बघ. मैत्रिणींना गाइडवरून मार्क मिळतात, मान्य. मिळू देत. सेमिस्टरच्या पेपरला उतरवलेला ब्रीफ चालून जातो. मूट कोर्टात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सराव-खटल्यात, न्यायाधीशाच्या खुर्चीवरून पहिला प्रश्न आला की चालत नाही.

आता आउटलाइन. सगळे ब्रीफ तारखेप्रमाणे लावून स्पायरल बायंडिंग केलं म्हणजे आउटलाइन झाली, असा समज आहे. तो गठ्ठा झाला. आउटलाइनचा सांगाडा कायद्यातून येतो, केसेसमधून नाही. बेअर ॲक्ट, म्हणजे टीकाटिप्पणीशिवाय कायद्याचा नुसता मजकूर असलेलं पुस्तक, उघड. करार कायद्यात प्रस्ताव, स्वीकृती, मोबदला, सक्षमता, मुक्त संमती अशी कलमांची ओळ आहे. ती मोठ्या कागदावर मांड आणि मग विचार, या कलमातला कुठला शब्द भांडणाचा झाला आणि कुठल्या केसने तो सोडवला. प्रत्येक केसला तिथे एकच ओळ मिळेल. एका ओळीत मावत नसेल तर ब्रीफमध्ये रेशो अजून सापडलेला नाही.

खरं काम त्यापुढे आहे. शेजारी आलेल्या दोन केसेसची उत्तरं वेगळी का, हे लिहायचं. कारलिल विरुद्ध कार्बोलिक स्मोक बॉल कंपनी, १८९३: औषध सांगितल्याप्रमाणे वापरूनही फ्लू झाला तर शंभर पौंड देऊ अशी जाहिरात, बाईने ती वाचून औषध वापरलं, फ्लू झाला, पैसे मिळाले. लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त, अलाहाबाद, १९१३: मालकाचा हरवलेला पुतण्या शोधायला मुनीम हरिद्वारला गेला, मागाहून मालकाने ५०१ रुपयांचं बक्षीस जाहीर केलं, मुनिमाने मुलगा शोधला, बक्षीस मात्र मिळालं नाही. दोन्हीकडे जाहीर प्रस्ताव आहे, दोन्हीकडे सांगितलेलं काम झालंय. फरक असा की बाईला प्रस्ताव माहीत होता, मुनिमाला शोध लागेपर्यंत माहीत नव्हता. जे ठाऊकच नाही ते स्वीकारणार कसं? शिवाय शोधणं हे त्याचं नोकरीतलं कामच होतं. या दोन नावांमध्ये बाण काढून ‘माहिती’ एवढा एक शब्द लिही. आउटलाइनमध्ये असे बाण जितके जास्त, तितकी ती चांगली.

मग परीक्षेत असा प्रश्न येऊ दे: लासलगावच्या व्यापाऱ्याचा कांद्याने भरलेला टेम्पो चोरीला गेला. त्याने व्हॉट्सॲप ग्रुपवर पंचवीस हजारांचं बक्षीस जाहीर केलं. पिंपळगावच्या पंपावरच्या पोराने मेसेज न बघताच टेम्पो ओळखून पोलिसांना कळवलं आणि संध्याकाळी त्याला मेसेज दिसला. पैसे मागता येतील का? ज्याने नुसता गठ्ठा पाठ केला तो दोन्ही केसेस सांगत बसेल. तुझ्याकडे बाण आहे, तू सरळ ‘माहिती’वर जाशील, आणि हा पोरगा व्यापाऱ्याचा नोकर नाही, हा लालमनहून असलेला फरकही लिहिशील. त्या फरकाने उत्तर बदलतं का, यावर चार ओळी लिहिल्यास की तिथेच मार्क आहेत. आउटलाइनला सुरुवात परीक्षेआधी नको, प्रकरण संपेल तशी करत जा. एक रविवार, एक प्रकरण.

राहिला मराठीचा प्रश्न. ब्रीफ तुझ्यासाठी आहे, मराठीत लिही. रेशोचं कळीचं वाक्य तेवढं निकालातल्या इंग्रजीत जसंच्या तसं उतरव, परिच्छेद क्रमांकासह, कारण युक्तिवादात तेच लागेल. सर्वोच्च न्यायालयाने बऱ्याच निकालांचे मराठी अनुवादही उपलब्ध करून दिले आहेत. पहिल्या वाचनाला घे, पण अडलं तर इंग्रजीच प्रमाण मान.

आणि एक गोष्ट तुझ्याकडे आहे जी इंग्रजी माध्यमातल्या मुलांकडे सहसा नसते. आपल्या खालच्या न्यायालयांत कितीतरी काम मराठीत चालतं. दावा, कैफियत, निशाणी, उलटतपास हे शब्द तुला परके नाहीत. दिवाणी न्यायालयाचा मराठीतला निकाल ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरून काढून बघ. त्यात एका बाजूला मुद्दे, समोर निष्कर्ष असा तक्ता असतो आणि खाली कारणमीमांसा. वाटपाचा नाहीतर बांधावरच्या रस्त्याचा साधा दावा निवड. घटना ओळखीच्या, भाषा आपली, त्यामुळे सगळं लक्ष रचनेवर राहतं. असे पाच-सहा निकाल ब्रीफ केलेस की मग ओल्गा टेलिसकडे परत जा.

जमलं तर सुट्टीत निफाडच्या किंवा नाशिकच्या सीबीएस बस स्थानकाजवळच्या आपल्या जिल्हा न्यायालयात जाऊन बस. न्यायालय सगळ्यांना खुलं असतं. दाव्यात मुद्दे काढायचे असतील त्या दिवशी गेलीस तर उत्तम. कुठल्याही ओळखीच्या वकिलांना विचार, ते तारीख सांगतील. दावा आणि कैफियत समोर ठेवून न्यायाधीश इश्यू कसे काढतात ते तासाभरात दिसेल. मागच्या बाकावर बस, वही ने, मोबाइल बंद ठेव.